डीजे कुणी ठरवायचा?

(धरमपेठ, नागपूर येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय ऐकून तुमच्यापैकी दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिलं. पोटगी, मारहाण, हुंडा यांवर बोलणारी बाई आज डीजेवर काय बोलणार? वर्षापूर्वी मलाही हसूच आलं असतं.

इथे धरमपेठेतच, आमच्या सल्ला केंद्रावर एक आई आणि तिची लग्न ठरलेली मुलगी आल्या. आईने बसता बसताच सांगून टाकलं, "ताई, लगन मोडायचं नाही, फक्त विचारून राहिली." वराकडून निरोप आला होता. स्वागत समारंभाचा डीजे आमची पोट्टी ठरवतील, बिल तेवढं तुम्ही द्या. आठ टॉप, आठ बेस, शार्पी लाइट, जनरेटर वेगळा. हुंडा मात्र एक पैसा नको. हे शेवटचं वाक्य त्या माउलीने दोनदा सांगितलं. तिला त्याचं कौतुकही होतं.

आता हे नीट पाहू या. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. त्यात हुंडा म्हणजे मालमत्ता किंवा मौल्यवान रोखा. १९८५च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवायची असते: वस्तू कोणती, किंमत किती, दिली कुणी, तिचं नातं काय, आणि खाली सही. ही यादी आपल्यातल्या किती जणींनी केली, हे मी विचारत नाही. पण उद्या वाईट वेळ आली, तर त्या यादीवर बोट ठेवून फ्रीज परत मागता येतो, भांडी मागता येतात, सोनं मागता येतं. डीजे त्या यादीत कुठे लिहाल? चार तास वाजला आणि संपला. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे हवेत गेले. मुलीच्या नावावर काही नाही, आणि मागणी केल्याचा पुरावाही नाही, कारण तिला सगळे "हौस" म्हणतात. हौस एकाची, खर्च दुसऱ्याचा. केंद्रावर जुनी प्रकरणं चाळताना माझ्या लक्षात आलं की मोडलेल्या लग्नांतले असे कितीतरी खर्च आम्ही कधी लिहूनच घेतले नव्हते.

मी आधी माझं नेहमीचं सांगून पाहिलं. साधं लग्न करा, १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा, चहा-पेढे द्या. मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "मॅडम, मला नाचायचं आहे." एवढंच.

मी वरमले. चळवळीत आपण लग्नातल्या थाटावर टीका करतो, ती बरोबरच आहे. पण जिला घरात मोठ्याने हसू नको म्हणून सांगितलं, तिला चारचौघांत एक संध्याकाळ नाचावंसं वाटलं, तर तिला उधळपट्टीचं व्याख्यान देणारी मी कोण? पूर्वी हळदीला, मांडवात बायका गात होत्या. विहिणीला गाण्यातून चिमटे काढत होत्या. कुणी काय गायचं ते त्याच ठरवत. मांडव गेला, लॉन आलं. संदल, धुमाल वाजले, मग डीजे आला. या सगळ्यात बायका गाणाऱ्या होत्या त्या ऐकणाऱ्या झाल्या. आणि नाचणाऱ्या झाल्या तरी किती वेळ? बघा एकदा लक्ष देऊन. पहिला तासभर मुली नाचतात. मग मागच्या गाडीतून पिऊन आलेला घोळका घुसतो, गाणी बदलतात, एकेक मुलगी खुर्चीवर येऊन बसते. नवरीला हाताला धरून ओढतात, आणि तिने हसत राहायचं असतं.

तेव्हा प्रश्न डीजे असावा की नसावा हा राहिला नाही. ठरवणार कोण, हा राहिला.

आम्ही तिघी डीजेवाल्या मुलाकडे गेलो. पंचविशीतला, बोलायला सरळ. म्हणाला, "ताई, नवरी स्वतः आली असं पहिल्यांदाच होऊन राहिलं. फोन नवरदेवाच्या दोस्तांचा येते, पैसे नवरीच्या बापाचे." त्याच्या कोटेशनमध्ये गाण्यांच्या लायसन्सची रक्कम होती. ती काढायला लावली. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये ते पुन्हा स्पष्टही केलं. मग आठ टॉपचे दोन झाले. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा आहे. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. उघड्या लॉनवर रात्री दहा ते सकाळी सहा तो लावताच येत नाही. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देता येते, ती सणांसाठी. आपल्या घरच्या लग्नासाठी नाही.

मुलीने कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं: माईक मावशीकडे राहील. बाईला हिणवणारं गाणं लागणार नाही. भीमगीतं दोन, ती निवडेल ती. वीस मिनिटं आजी-आत्या माईकवर गातील. दहाला बंद. खाली तिची सही, डीजेवाल्याची सही. बयाणा तिने स्वतःच्या पगारातून दिला.

वराकडे हे कळवायला मात्र सगळ्यांचे पाय जड झाले. शेवटी मुलीनेच फोन केला: अर्धं बिल तुमचं, नाहीतर डीजे नाही. नवरदेव काही बोलला नाही. त्याच्या मोठ्या बहिणीने फोन घेतला आणि म्हणाली, "माझ्या वेळी मला हे सुचलं नाही." चार दिवसांनी अर्धे पैसे आले.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. दहाला दोस्तमंडळींनी गोंधळ घातला, वायर ओढायला गेले. त्या पोऱ्याने सही केलेला कागद दाखवला आणि मशीन बंद केलं. सासरची दोन माणसं न जेवता गेली. मुलगी माहेरपणाला आली तेव्हा भेटली, त्याबद्दल अजून ऐकावं लागतं म्हणाली. आजीने माईकवर वीस मिनिटं म्हणता पाऊण तास घेतला, हेही सांगितलं.

वडील नंतर एकदा इथे गोकुळपेठच्या बाजारात दिसले. सोबत पाहुणे होते. लग्नाचा विषय निघाला, तेव्हा ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत होते, डीजेचं सगळं बिल आपणच दिलं म्हणून. मी भाजी घेतली आणि पुढे गेले.