भाकरी ते बळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी याच शाळेत मला विज्ञान शिकविले. 'भाकरीतून बळ कसे येते?' हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर आज त्यांच्या चरणी ठेवीत आहे.

आपल्या आदिलाबादच्या काळ्या रानात पिकणाऱ्या ज्वारीतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते. पेशीत त्याचे प्रथम दोन तुकडे होतात. पुढील विघटन तंतुकणिकांत चालते. त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन प्रामुख्याने एनएडी नावाचा वाहक उचलतो व प्राणवायूकडे जाणाऱ्या साखळीच्या हवाली करतो. या प्रवासात प्रोटॉन पडद्यापलीकडे साठतात. पोचमपाडला अडविलेले पाणी सोडले की जनित्र फिरते. तसेच परतणारे प्रोटॉन एक सूक्ष्म चक्र फिरवितात आणि एटीपी तयार होते. स्नायू चालतो तो या एटीपीवर. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या या विचाराला १९७८ चे नोबेल पारितोषिक लाभले. एटीपीचा शोध १९२९ चा. जर्मनीत लोमान यांनी, तर अमेरिकेत फिस्के यांच्यासह आपल्या तेलुगू मुलखातील भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो लावला.

माझ्या बालपणी गावात एक सालगडी होता. मानेभोवती व हातांवर भाजल्यासारखे काळे चट्टे, पोट सतत बिघडलेले, मन भ्रमिष्ट. कोणी त्याला आळशी म्हणे, कोणी बाहेरची बाधा सांगे. मीही त्याला हसलो होतो. पुढे वैद्यकाच्या वर्गात 'पेलाग्रा'चे वर्णन ऐकले आणि तो डोळ्यांपुढे उभा राहिला. नायसिन हे जीवनसत्त्व आणि ज्यातून शरीर ते घडविते ती प्रथिने तोकडी पडली की पेशीत एनएडी पुरेसे बनत नाही. खळ्यावर रास पडली आहे, पण वाहायला गाडी नाही, अशी तिची दशा होते.

दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमधील या रोगाचा अभ्यास हैदराबादेत गोपालन व श्रीकांतिया यांनी केला. ज्वारीतील ल्युसिनचे आधिक्य हे कारण त्यांनी १९६० मध्ये सुचविले. त्याविषयी पुढे मतभेद झाले. परंतु केवळ एका धान्यावर माणूस धड जगत नाही, हे निर्विवाद आहे.

दोष ज्वारीचा नव्हे. तिच्याशेजारी डाळ, शेंगदाणे, दूध येऊ न देणाऱ्या दारिद्र्याचा आहे. यापुढे थकलेल्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या ताटात काय आहे, हे आपण पाहावे. गुरुजींच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच.