काकडाशिवाय शेवळं नाहीत
(पावसाळी व्याख्यानमाला, पुष्प तिसरे)

सह्याद्री, तिथला पाऊस, वारली-कोकणा-कातकरी समाज यांविषयी या मंचावर पुष्कळ बोलून झालं आहे, ते पुन्हा सांगत नाही. पत्रिकेत माझा विषय 'रानभाज्यांची ओळख' असा छापला आहे. पण नुसत्या ओळखीनं भागत नाही, हेच मला आज सांगायचं आहे. पानाचा फोटो पाहिला, नाव पाठ केलं, म्हणजे रानभाजी आली असं नव्हे. ती येते कृतीतून. कधी खुडायची, किती मागे ठेवायची, काय काढून टाकायचं, कशाबरोबर शिजवायची.

शेवळंच घ्या. (श्रोत्यांतून : "काकडं आणली का?" हशा.) आणली आहेत! विचारणारे ठाण्या-पालघरकडचे दिसतात.

दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मला शेवळं दिसली. निवडून, धुऊन, पाकिटात भरलेली, वर जीवनसत्त्वांचा तक्ता. घरी नेली, चिरली, इतर भाज्यांसारखी परतली. दोन घास खाल्ले आणि आईचा घसा असा धरला की तिला बोलवेना. आई ऐंशीची. मी रात्रभर तिच्या उशाशी बसून होतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. शेवळाचं शास्त्रीय नाव मला येत होतं, त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक माहीत होते. भाजी येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात जव्हारच्या बाजारात गेलो. तिथल्या एका मावशींकडून मी वर्षानुवर्षं भाज्यांची नावं लिहून घेत होतो. त्यांना झालेलं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "काकडं कुठं होती, मास्तर?" मग समोर बसवून दाखवलं. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, बारीक चिरायचं आणि काकडाची आंबट फळं ठेचून त्यांच्या रसात शिजवायचं. बाजारात शेवळांच्या जुडीशेजारी काकडांचा वाटा असतो तो यासाठी. पाकिटात नेमका तोच नव्हता. बोलता बोलता त्यांनी जुडी उलटी करून दाखवली. एकालाही कंद नाही. आपण खातो तो शेवळाचा फुलोरा, पान नंतर येतं. कंद जमिनीत राहिला की पुढच्या पावसाला पुन्हा शेवळं.

फोडशीचं उलट झालं. पावसाळ्यात तिची कोवळी पानं खुडून खायची ही पाड्यावरची रीत. तीच सफेद मुसळी. मुळ्यांना औषधाच्या बाजारात भाव आला आणि रानं उकरली गेली. जिच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे, ती वनस्पती रानात दुर्मिळ झाली. झाड तेच, माहिती दोघांनाही होती. एक हात पानाला गेला, दुसरा मुळाला.

कडूकंदाचं तर... (अध्यक्षांची चिठ्ठी येते.) पाचच मिनिटं? मग कडूकंद आणि भारंगी राहिली. एवढंच सांगतो : कडूकंदाच्या चकत्या राखेत उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे कडवटपणा जातो. ही पायरी गाळून कुणी पाककृती छापू नये.

चहाच्या वेळी दोघांनी विचारलं, तुमचा रानभाजी महोत्सवांना विरोध आहे का? अजिबात नाही. त्या बायकांच्या हातात चार पैसे पडतात, ते मला हवेच आहेत. माझं म्हणणं इतकंच की फलकावर भाजीच्या नावाखाली ती करणारीचं नाव असू द्या, आणि स्टॉलच्या मागे चूल पेटू द्या. लोकांनी विकत घेण्याआधी पाहावं.

टोपलीत वीस जुड्या आहेत. प्रत्येकीबरोबर काकडं बांधलेली आहेत, ती सोडवून ठेवून कुणी नुसती शेवळं नेऊ नयेत. पहिल्यांदाच करणार असाल तर जरा थांबा. मावशी दाराजवळ बसल्या आहेत, साडेआठच्या एसटीनं जाणार आहेत. आत्ताच विचारून घ्या.