परदेशी कारखानदार आणि बाजाराचा वार

(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आपली कुटुंबे पिढ्यान्पिढ्या भात, गवत व दूध यांवर गुजराण करीत आली. आता मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत व आसनगाव-वाशिंदकडे आपले तरुण लहानमोठे उद्योग चालविण्याची उमेद बाळगून आहेत. कोणास चीनमधून यंत्र आणावयाचे असते, तर कोणास जर्मनीतून सुटा भाग. अशा वेळी भावाची व जकातीची चौकशी सगळेच करतात. परंतु वेळेची चौकशी फारसे कोणी करीत नाही. त्याविषयी चार शब्द सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

आपल्या आजोबांना आसपासच्या गावांचे बाजाराचे वार तोंडपाठ असत. म्हशाच्या यात्रेला बैलजोडी नेणारा शेतकरी पौष पौर्णिमा कधी चुकवीत नसे. बाजार उठल्यावर माल घेऊन जाणाऱ्यास गिऱ्हाईक कोठून मिळणार? परदेशाशी व्यवहार करणाऱ्यानेही प्रथम तिकडचा बाजाराचा वार जाणून घ्यावा.

चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास व जपानचे साडेतीन तास चालते. जर्मनीचे घड्याळ हिवाळ्यात साडेचार व उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. सबब शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता आपण चीनला ई-मेल धाडला, तर तेथे साडेसात वाजून कचेरी बंद झालेली असते. शनिवार-रविवार सुट्टीचे, म्हणजे उत्तराची आशा सोमवारी. तोच मजकूर शुक्रवारी सकाळी गेला असता, तर तीन दिवस वाचले असते. जर्मनीतही शुक्रवारी दुपारनंतर अनेक कचेऱ्या लवकर मिटतात. चीन-जपानचे काम सकाळी व युरोपचे दुपारनंतर, एवढा नेम पाळला तरी पुष्कळ साधते.

सुट्टीचे वारही सर्वत्र सारखे नाहीत. सौदी अरबस्तानात २०१३ सालापर्यंत गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. त्या वर्षापासून ती शुक्रवार-शनिवार झाली. दुबई-अबुधाबीकडे सरकारी कचेऱ्यांनी १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी व शुक्रवारी अर्धा दिवस काम, असा क्रम धरला. आपल्याकडे तरी एकच वार कोठे आहे? डोंबिवली-अंबरनाथकडील अनेक कारखाने शुक्रवारी बंद असतात, तर बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी. हे परक्या माणसास आपण सांगितल्यावाचून कसे कळावे? म्हणून पहिल्याच पत्रात आपल्या कामाचे वार व तास लिहावे आणि त्यांचे विचारावे.

वर्षातील मोठ्या सुट्ट्यांचे तर टिपणच भिंतीवर असावे. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येते. त्या सुमारास तेथील कामगार दूरदूरच्या गावी जातात व कित्येक कारखाने दोन-तीन आठवडे थंडावतात. गणपतीला कोकणात जाणारे चाकरमानी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनालाही तेथे मोठी सुट्टी असते. जपानात एप्रिलअखेर ते मेच्या आरंभी आणि इटलीत ऑगस्टच्या मध्यास कामे बंद राहतात. लावणीपूर्वी यंत्र हवे असेल, तर मागणी माघातच नव्हे, त्याच्याही आधी नोंदविली पाहिजे.

आता रीतिभातीविषयी. चिनी गृहस्थाचे आडनाव आधी येते, त्यानेच संबोधावे. जपानी गृहस्थ ओळखपत्र दोन्ही हातांनी देतो. ते तसेच घ्यावे, वाचावे, मग ठेवावे. तो “होय” म्हणाला म्हणजे पुष्कळदा “आपले बोलणे ऐकले” एवढाच अर्थ असतो. जर्मन गृहस्थास मोजमाप, धातू व नग लेखी हवे असतात. आपली “बघू, होऊन जाईल” ही भाषा या सर्वांनाच बुचकळ्यात टाकते. जमणार नसेल, तर नाही म्हणावे. उत्तरास वेळ लागणार असेल, तर तेवढे तरी त्याच दिवशी कळवावे.

एका धोक्याची सूचना देणे अगत्याचे वाटते. सुट्टीच्या तोंडावर, शुक्रवारी सायंकाळी, “आमचे बँकेचे खाते बदलले आहे, आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा” असा ई-मेल आला, तर एक पैसाही पाठवू नये. दोन दिवस कोणी फोन उचलणार नाही, हे ओळखूनच लबाड लोक ही वेळ साधतात. सोमवारपर्यंत थांबावे, जुन्या ठाऊक क्रमांकावर स्वतः फोन करावा, खात्री पटल्यावरच रक्कम भरावी. अशा ठिकाणी गेलेला पैसा म्हणजे एखाद्या घरची जमीन विकून उभे केलेले भांडवलही असू शकते.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. जगाच्या घड्याळामागे धावताना आपल्या माणसांची विश्रांती लुटली जाऊ नये. ठाण्यात १८४८ साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून रविवारची सुट्टी मिळविली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. जो रविवार एवढ्या कष्टाने पदरी पडला, तो परदेशच्या एका फोनपायी कारकुनाकडून वा घरच्या लेकीसुनेकडून हिरावून घेणे शोभत नाही. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी काम पडलेच, तर त्याचा मोबदला द्यावा आणि बदली सुट्टीही द्यावी. दुसऱ्याच्या विश्रांतीचा मान राखणाऱ्यासच आपल्या विश्रांतीचा मान मागता येतो.

तरुणांनी धाडसाने जगाशी व्यापार करावा, वडिलांनी त्यांस पाठबळ द्यावे, अशी आमची विनंती आहे.