समुद्रतळाचा हजेरीपट



कामगार संघटनेचा माणूस समुद्राच्या तळाविषयी काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण ज्या कामाविषयी मी बोलणार आहे ते हजेरीपटाचे काम आहे, आणि हजेरीपट तपासण्यात माझी हयात गेली आहे.

समुद्राच्या वरच्या थरात प्रवाहाबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांना प्लवक म्हणतात. त्यांपैकी फोरामिनिफेरा हे चुन्याचे कवच बांधतात. ते मेले की कवचे तळाच्या गाळात साचतात. थरावर थर चढतो. १९६८ साली 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने खोल समुद्राचा तळ वेधून हे थर वर काढण्यास प्रारंभ केला. २०१५ साली 'जॉइडीस रिझोल्यूशन'ने आपल्या अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यातही तेच केले. कोणत्या थरात कोणत्या जाती सापडल्या, याच्या याद्या तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केल्या.

परंतु त्या निरनिराळ्या अहवालांत विखुरलेल्या होत्या. एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिलेली; थरांची वयेही पुढे सुधारलेली. एकच कामगार दोन खात्यांत दोन नावांनी मांडला, तर कागदावर माणसे दोन होतात, तसेच हे. म्हणून १९९० च्या दशकात झुरिक येथे 'नेपच्यून' हा सामाईक माहितीसंग्रह उभा राहिला. पुढे तो बर्लिनला गेला. २०२१ साली 'ट्रायटन' आला. त्यात गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांतील फोरामिनिफेरांच्या ५ लाखांहून अधिक नोंदी आहेत. नावे एका यादीशी जुळवलेली, वये एका मापाने मोजलेली.

समुद्र तापला तेव्हा कोणत्या जाती ध्रुवांकडे सरकल्या, कोणत्या नाहीशा झाल्या, हे एका वेधावरून कळत नाही. सगळे एकत्र मांडले तरच कळते.

मात्र एक सावधगिरी हवी. पटावर नाव नाही म्हणून माणूस कामावर नव्हताच, असे म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. इथेही नोंद नसली म्हणजे जीव नव्हता, असे होत नाही. कवच विरघळले असेल, किंवा तिथे कोणी पाहिलेच नसेल.

नवी जात शोधणाऱ्याला मान मिळतो. पट नीट ठेवणाऱ्याला क्वचितच. तो मिळाला पाहिजे, आणि त्याच्या कष्टाचा मोबदलाही. कारण जुन्या नोंदी जुळवणारे हात थांबले, तर नव्या नोंदी पुन्हा विखरतील.