राखेचा हिशेब

आपल्याकडचा दगडी कोळसा शंभर टन जाळला, की तीस-चाळीस टन राख मागे उरते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी येथील औष्णिक वीजकेंद्रांचा राखेचा प्रश्न किती मोठा आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. ही राख टाकाऊ नाही. सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते आणि तिच्या विटा केल्या, तर शेताची सुपीक माती वाचते. म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली राखेच्या वापराची अधिसूचना काढली. वीजकेंद्राभोवती राख वापरण्याचे बंधन आधी ५० किलोमीटरपर्यंत होते. ते पुढे १०० आणि मग ३०० किलोमीटरपर्यंत वाढले. तरी राखेचे तलाव हटले नाहीत, कारण राख पाण्यात कालवून तलावात सोडणे वीजकेंद्राला सोयीचे होते आणि न वापरलेल्या राखेला दंड नव्हता. सिमेंटला लागते ती कोरडी, बारीक राख. एकदा भिजून तलावात गेलेली राख त्या कामाची उरत नाही.

३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई लावली, हे योग्यच झाले. पण भरपाई कागदावरच्या आकड्यांवर ठरणार असेल, तर ती पुरेशी नाही. सखल जमिनीत भराव घातला, तरी तो ‘वापर’ म्हणून मोजला जातो. त्या भरावाखाली विहिरींचे पाणी कसे आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून किती राख निघाली, कोणत्या वाहनातून कुठे गेली आणि तिथे तिचे काय झाले, हा हिशेब वीजकेंद्राने दर महिन्याला ग्रामपंचायतीत लावावा.

यामुळे वीज महागेल, असा आक्षेप घेतला जातो. थोडी महागेलही. पण तलावाकाठची गावे ती किंमत आजही मोजत आहेत, उन्हाळ्यात उडणारी राख श्वासात घेऊन आणि पावसाळ्यात बांध फुटण्याच्या धास्तीत राहून. दुसरा आक्षेप असा, की एवढी राख घेणारे गिऱ्हाईकच नाही. मग सरकारी रस्त्यांच्या आणि इमारतींच्या निविदांत राखेच्या वापराची अट काटेकोरपणे पाळली जावी. मागणी तिथूनच उभी राहील. विजेचा लाभ साऱ्या राज्याला मिळतो, तेव्हा तिच्या राखेचा खर्चही वीजदरातच धरला पाहिजे.