मोकळीक की मेहेरबानी?



उन्हे उतरल्यावर पंचगंगेकडून जो गार वारा सुटतो, त्याच्या भरवशावर आपण इतक्या संख्येने येथे जमला आहात, व्याख्यात्याच्या भरवशावर नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. पण आजचा विषय प्रत्येकाच्या घरचा आहे. परीक्षांचे निकाल जवळ आले आहेत. आता घरोघरी एक सभा भरेल. वडील अध्यक्ष, काका-मामा प्रमुख वक्ते आणि चहापाण्याची व्यवस्था आईकडे. ज्याच्या आयुष्याचा ठराव मांडला जायचा, त्या मुलाला मात्र या सभेत मताचा अधिकार नाही!

अशी एक सभा आमच्याही घरी भरली होती. आमच्या थोरल्याला भाषा घेऊन शिकायचे होते. आम्ही त्याला अभियंता केला. तो उत्तम गुणांनी पास झाला, दूरच्या शहरात चांगल्या पगारावर लागला. दर रविवारी न चुकता फोन करतो, आमची प्रकृती विचारतो, औषधांची आठवण करतो. स्वतःविषयी काही सांगत नाही. एकदा आम्हीच विचारले, ‘अलीकडे काही वाचतोस का रे?’ तो म्हणाला, ‘बाबा, आता त्याचं काय?’ त्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

मूल कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. याच करवीर नगरीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते दिले गेले आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो बाप मुलाला शाळेत धाडणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड! त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाला लहान रक्कम नव्हती. या दंडाचा अर्थ काय? मूल तुझ्या पोटचे खरे, पण त्याचे उद्याचे आयुष्य तुझ्या मालकीचे नाही, असे राज्याने बापाला बजावले.

लोकांना हे सांगणे सोपे असते. महाराजांच्या स्वतःच्या घरात काय झाले, ते पाहिले पाहिजे. १९१७ सालीच त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांचा विवाह झाला. सून इंदुमती तेव्हा अवघ्या दहा वर्षांच्या. हा विवाह वडीलधाऱ्यांनी ठरवला होता. त्या मुलीला कोणी विचारले असेल, असे मानायला जागा नाही. दुसऱ्याच वर्षी शिकारीत अपघात होऊन प्रिन्स शिवाजी गेले आणि अकरा वर्षांच्या त्या मुलीच्या वाट्याला वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे राजवाड्याच्या एका दालनात तिचे आयुष्य संपायचे. महाराजांनी तसे होऊ दिले नाही. पुत्रशोक गिळून, घरातला विरोध बाजूला सारून त्यांनी सुनेला सोनतळी कँपवर ठेवून शिकवायला आरंभ केला. तिने पुढे डॉक्टर व्हावे, अशी त्यांची मनीषा होती.

येथवरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढची सहसा सांगत नाही. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. इंदुमतीदेवींनी जिद्दीने अभ्यास चालू ठेवला आणि १९२५ साली त्या मॅट्रिक झाल्या. पण डॉक्टर होणे राहून गेले. पुढे त्यांनी याच शहरात स्त्रियांच्या शिक्षणासाठी मोठे काम केले, तरी तो एक दरवाजा बंद झाला तो झालाच. का? तो उघडणारा हात उरला नव्हता म्हणून. बंधुभगिनींनो, मेहेरबानी आणि हक्क यांत हाच फरक आहे. मेहेरबानी देणाऱ्याबरोबर जाते. हक्क मात्र देणारा गेला तरी उरतो.

महाराजांना हे उमगले नसेल असे नाही. म्हणूनच त्यांनी कायदे केले. १९१९ साली आंतरजातीय विवाहाला त्यांनी कायद्याचा आधार दिला. आणि त्याच कोल्हापुरात डिसेंबर २०१५ मध्ये काय घडले? घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले म्हणून एका तरुण जोडप्याचा, मुलीच्या सख्ख्या भावांनीच खून केला. कायदा शंभर वर्षे पुढे आणि उंबरठ्याच्या आत तोच जुना अंधार! आपण म्हणाल, आम्ही काही सुरे घेऊन निघत नाही. खरे आहे. पण ‘आमचे ऐकले नाहीस तर आम्हांला मेलो समज’ हे वाक्य किती घरांत उच्चारले जाते? सुऱ्याला धार याच दगडावर लागते.

आता कोणी विचारील, मग काय मुलांना मोकाट सोडायचे? मोकळीक देणे म्हणजे हात झटकणे नव्हे. याचा दाखलाही कोल्हापुरातच आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे होते आणि पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. पुढे बहात्तर वर्षांनी, २०२४ साली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. त्याचे वडील शिक्षक. त्यांनी मुलाला लहानपणीच घरापासून दूर, क्रीडा प्रबोधिनीत धाडले. पदक मिळेल, असे कोणी लिहून दिले नव्हते. कुस्ती काय, नेमबाजी काय, त्यात पोटापाण्याची हमी नसते. आधी विश्वास टाकावा लागतो. फळ मागाहून येते, किंवा येतही नाही.

आपण कुस्तीच्या गावचे लोक आहोत. खासबागेत वस्ताद कोठे असतो, हे आपणांस सांगायला नको. तालमीत तो पठ्ठ्याला घाम गाळायला लावतो, डाव शिकवतो, चुकला तर फटकावतोही. पण मैदानात कुस्ती जोडली की तो हौद्याबाहेर राहतो. पठ्ठ्या खाली गेला तर त्याचे काळीज हलते, तरी तो आत उडी घेऊन त्याच्या वतीने लढत नाही. आईबापांनी एवढे शिकले तरी पुष्कळ झाले. वस्ताद म्हणे एक डाव राखून ठेवतो. आपणही ठेवतो. कोणी घराचा, कोणी पैशाचा, कोणी डोळ्यांतल्या पाण्याचा! मुलांवर टाकण्यासाठी राखलेला तो डाव आपण आता टाकून द्यावा.

म्हणून आमची विनंती लहानशी आहे. यंदा घरात सभा भरेल तेव्हा पहिले भाषण मुलाचे किंवा मुलीचे होऊ द्या. मध्ये बोलू नका. पटले नाही तर शंका विचारा, अनुभव सांगा, धोके दाखवा; पण शेवटची सही त्याची किंवा तिची असू द्या. ते चुकतील. आपण काय कमी चुकलो? निदान ती चूक त्यांची स्वतःची असेल, उसनी नसेल.

गेल्या दिवाळीत आमचा थोरला आला होता. माळ्यावरची त्याची जुनी पुस्तके आम्ही पुसून त्याच्या खोलीत मांडून ठेवली होती. तो काही बोलला नाही. जाताना मात्र त्यांतली दोन पिशवीत घालून घेऊन गेला. आम्हीही काही बोललो नाही. आता आम्ही हौद्याबाहेर आहोत.