लोकांनी राखलेला कालवा



पूर्वजांनी उभारलेली एखादी वास्तू निरुपयोगी ठरू लागली म्हणजे समाजापुढे दोन मार्ग उरतात. ती मोडीत काढणे हा सोपा मार्ग. स्वतःच्या वेळाची, श्रमांची आणि पैशाची झीज सोसून तिला पुन्हा उभे करणे हा कठीण मार्ग. इंग्लंडच्या दक्षिण भागातील केनेट-एव्हन कालव्याच्या बाबतीत तेथील सामान्य नागरिकांनी हा दुसरा मार्ग पत्करला. त्यांची ती वाटचाल कोणत्याही सामाजिक संस्थेने मनन करावी अशी आहे.

ब्रिस्टल आणि टेम्स नदीकाठचे रेडिंग यांना जोडणारा हा जलमार्ग सुमारे १४० किलोमीटर लांबीचा आहे. दोन्ही टोकांना एव्हन व केनेट या नद्या आणि मध्ये बाथपासून न्यूबरीपर्यंत खोदलेला कालवा, अशी त्याची रचना. अभियंता जॉन रेनी यांच्या देखरेखीखाली हे काम १८१० साली पूर्णत्वास गेले. पाणी डोंगर चढत नाही. म्हणून चढावर ‘लॉक’ बांधावे लागतात. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना भक्कम दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरले की नाव वर चढते, सोडले की खाली उतरते. डिवायझेस गावाजवळ असे २९ लॉक नावेला सुमारे ७२ मीटर उंच चढवतात; त्यांपैकी १६ तर केन हिलच्या उतारावर एका सरळ रांगेत आहेत.

परंतु १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल लोहमार्ग पूर्ण झाला आणि मालवाहतूक तिकडे वळली. १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीच्या हाती कालव्याची मालकी गेली. प्रतिस्पर्धीच मालक झाल्यावर पेढीची काय गत होते, हे व्यापारी वर्गास वेगळे सांगणे नको. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॉकचे दरवाजे कुजले, पात्रात गाळ साचला, काही ठिकाणी तळ झिरपून ते कोरडे पडले.

१९४८ मध्ये कालवा सरकारी मालकीचा झाला. मात्र लवकरच तो कायमचा बंद करण्याचा विचार पुढे आला. तेव्हा नागरिक जागे झाले. १९५१ मध्ये त्यांनी संघटना स्थापन केली. १९५६ मध्ये वीस हजारांहून अधिक स्वाक्षऱ्यांचे निवेदन राणीसाठी जलमार्गानेच लंडनला नेण्यात आले. जो मार्ग मृत म्हणून घोषित व्हायचा होता, त्याच मार्गाने त्याच्या जीवदानाचा अर्ज गेला! १९६२ मध्ये संघटनेचे विश्वस्त संस्थेत रूपांतर झाले. परंतु १९६८ च्या कायद्याने हा कालवा नौकानयनासाठी राखण्याची जबाबदारी नसलेल्या जलमार्गांच्या वर्गात गेला. तात्पर्य, तो पुन्हा सुरू करावयाचा तर त्याचा भार लोकांनीच उचलणे प्राप्त होते.

आणि लोकांनी तो उचलला. वर्गणी जमली. सुटीच्या दिवशी स्वयंसेवक गाळात उतरले, झुडपे तोडली, विटांचे बांधकाम दुरुस्त केले. क्रॉफ्टन येथील १८१२ सालचे वाफेचे पंपयंत्र त्यांनी १९७० मध्ये पुन्हा चालते केले. बाथजवळच्या क्लॅव्हर्टन येथे नदीच्या प्रवाहावर फिरणारे पाणचक्र बंद पडले होते. त्याच्या दुरुस्तीत बाथ विद्यापीठाचे विद्यार्थीही राबले. लोकांची निष्ठा दिसली तशी स्थानिक परिषदांची मदत आली आणि बेरोजगारांसाठीच्या शासकीय योजनांतून मनुष्यबळही लाभले. झिरपणारा तळ नव्याने बांधून काढण्यात आला. अखेर ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या हस्ते कालवा संपूर्ण लांबीवर खुला झाला. संघटनेच्या स्थापनेपासून हा दिवस उजाडण्यास ३९ वर्षे लागली.

येथे कथा संपली असती तर तिचा बोध अर्धाच राहिला असता. उद्घाटन थाटात झाले, पण पाणी पुरेना. प्रत्येक नावेमागे लॉकमधील पाणी उताराने खाली निघून जाई. म्हणून १९९६ मध्ये केन हिल येथे पंप बसवून, रोज सुमारे तीन कोटी लिटर पाणी पुन्हा माथ्यावर नेण्याची सोय झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून अडीच कोटी पौंडांचे अनुदान मंजूर झाले आणि उरलेली मोठी कामे पुढील काही वर्षांत पार पडली. लोकांनी चार दशके कष्टाने खाते चालू ठेवले नसते, तर ही मोठी रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली असती? मोठी देणगी लहान वर्गणीच्या मागून येते, पुढून नव्हे.

लॉकचे लाकडी दरवाजे काही दशकांनी बदलावेच लागतात, गाळ पुनःपुन्हा काढावाच लागतो. म्हणून स्वयंसेवकांची आवश्यकता उद्घाटनाने संपत नाही. पुढच्या पिढीला ती जबाबदारी शिकवावी लागते. १९५१ मध्ये ज्यांनी प्रारंभ केला, त्यांपैकी कित्येकांना १९९० चा दिवस पाहता आला नाही. तरीही त्यांनी आपल्या वाट्याचे काम केले आणि फळ मागे येणाऱ्यांसाठी ठेवले.

वास्तू दगड-विटांनी उभी राहते. टिकते ती माणसांच्या सातत्याने. फलकावर नाव कोरले जाईल की नाही याची चिंता न करता जो आपल्या वाट्याचा गाळ उपसतो, त्याच्याच बळावर संस्था शतके पाहतात.